कोलंबस–शिकागो–फ्रँकफर्ट: थांब्याचे तास मोजू नका, मागचं विमान बघा

विमान कंपनीकडून भरपाईचे ६०० युरो अखेर खात्यात जमा झाले. हिवाळाभर पत्रव्यवहार चालला, नकार येत राहिले, तरी सोडलं नाही. अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबसहून युरोपला ये-जा करणाऱ्या मराठी मंडळींना उपयोग व्हावा म्हणून या मार्गाचा सगळा अनुभव एकदाच लिहून काढते आहे. बहीण स्टुटगार्टला असते. आई वर्षातले काही महिने पुण्याहून माझ्याकडे येते आणि परत जाताना आधी बहिणीकडे राहते, मग फ्रँकफर्टहून मुंबई. तिला सोडायला मी जाते, शिवाय अधूनमधून एकटीही. शिकागो, वॉशिंग्टन, न्यूअर्क, टोरांटो, सगळीकडून जाऊन झालं आहे.

आधी भांडणाचं. परतीच्या प्रवासात फ्रँकफर्टचं मोठं विमान अमेरिकेत वेळेवर उतरलं. इमिग्रेशन झालं, बॅगा परत दिल्या, आणि कोलंबसचं तासाभराचं छोटं विमान रद्द झाल्याचा मेसेज आला. कारण लिहिलं होतं: कर्मचारी उपलब्ध नाहीत. रात्रीचं शेवटचं विमान होतं ते. हॉटेल मिळालं, घरी पोचले दुसऱ्या दिवशी दुपारी. भरपाई मागितल्यावर कंपनीचं म्हणणं असं की गोंधळ अमेरिकेत झाला, विमान अमेरिकी, कंपनी अमेरिकी, तेव्हा युरोपच्या नियमाचा संबंध नाही.

संबंध आहे. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम संघातून निघणाऱ्या प्रत्येक विमानाला लागू होतो, मग कंपनी कुठलीही असो. आणि एकाच बुकिंगवरचा सगळा प्रवास एकच धरला जातो. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ७ एप्रिल २०२२ रोजी नेमक्या अशाच प्रकरणात निकाल दिला आहे: ब्रसेल्सहून न्यूअर्कमार्गे सॅन होजेला जाणारे प्रवासी, अमेरिकी कंपनीची विमानं, आणि उशीर झालेला अमेरिकेतल्या शेवटच्या टप्प्यात. न्यायालयाने सांगितलं, नियम लागू. प्रकरणाचा क्रमांक सी-५६१/२०. हा क्रमांक पत्रात घातल्यावर उत्तरांचा सूर बदलला. साडेतीन हजार किलोमीटरपेक्षा लांबचा प्रवास आणि शेवटच्या मुक्कामी चार तासांहून जास्त उशीर असेल, तर माणशी ६०० युरो मिळतात. वादळ किंवा बर्फ हे कारण असेल तर मिळत नाहीत, कारण ते कंपनीच्या हातात नसतं. म्हणून रद्द झाल्याचा मेसेज आला की त्यात लिहिलेलं कारण फोनवर तिथल्या तिथे जपून ठेवा. माझं सगळं प्रकरण त्या एका ओळीवर उभं राहिलं.

हा नियम जातानाच्या दिशेला अमेरिकी कंपनीच्या विमानाला लागत नाही. लुफ्थांसासारखी युरोपीय कंपनी स्वतः विमान चालवत असेल तर लागतो. अमेरिकेच्या कायद्यात उशिराबद्दल रोख भरपाई नाहीच. विमान रद्द झालं किंवा वेळ फार बदलली आणि तुम्ही प्रवासच नाकारला, तर तिकिटाचे पैसे परत मिळतात, एवढंच.

आता मूळ विषय. कोलंबसहून अटलांटिकपार थेट विमान नाही. लोकसंख्येने ओहायोतलं सगळ्यात मोठं शहर असूनही नाही. क्लीव्हलँडला मे २०२३ पासून डब्लिन आहे, सिनसिनाटीला पॅरिस आणि लंडन, पिट्सबर्गला लंडन, इंडियानापोलिसलाही मे २०२५ पासून डब्लिन. आजूबाजूच्या चारही दिशांना आहे आणि मध्ये आपण कोरडे. याची चीड मला दर वेळी तिकीट काढताना येते. म्हणजे पहिला टप्पा कुठल्या तरी मोठ्या विमानतळापर्यंत छोट्या विमानाने, मग रात्रीचं मोठं विमान. हे सगळ्यांना ठाऊक आहे. संकेतस्थळ जे दाखवत नाही ते मला सांगायचं आहे.

संकेतस्थळ थांब्याचा वेळ दाखवतं: एक तास पाच मिनिटं, अडीच तास, पाच तास. आपणही तेवढंच बघतो. एक तास कमी वाटतो, पाच तास कंटाळवाणे वाटतात, म्हणून मधला घेतो. माझं आता ठाम मत आहे की हा आकडा दुय्यम आहे. बघायचं ते हे: माझं पहिलं विमान रद्द झालं, तर त्याच्या मागे त्याच गावाला जाणारं दुसरं विमान आहे का, आणि ते पकडून रात्रीचं मोठं विमान गाठता येतं का? हो असेल तर तिकीट घ्यावं. नसेल तर थांबा कितीही ऐसपैस दिसला तरी मी घेत नाही.

कारण असं. उन्हाळ्यात दुपारनंतर शिकागो किंवा न्यूअर्कवर गडगडाटी पाऊस आला की तिथे तासाला उतरणाऱ्या विमानांची संख्या कमी केली जाते. कंपनीला मग काहीतरी गाळावं लागतं. अडीचशे-तीनशे माणसांचं फ्रँकफर्टचं विमान ती गाळत नाही, पन्नास किंवा शहात्तर जणांचं कोलंबसचं गाळते. त्यांच्या हिशेबाने बरोबरच आहे, पण त्या पन्नासांत आपण असतो. थांबा चार तासांचा असला आणि मागे विमानच नसलं, तर ते चार तास कागदावरच राहतात. उलट थांबा दोन तासांचा आणि तासाभराने मागचं विमान असेल, तर जागा मिळण्याची आशा तरी असते. गावाकडची शेवटची एसटी चुकली की मुक्काम ठरलेला, तसंच हे.

म्हणून जाताना मी सकाळी उशिराचं नाहीतर भर दुपारचं विमान घेते. फ्रँकफर्टची विमानं शिकागोहून दुपारी उशिरापासून रात्रीपर्यंत सुटतात, त्यातलं उशिराचं निवडते. शिकागोच्या ओहेअर विमानतळावर बसून राहावं लागतं, पण जाताना तिथे त्रास काही नाही. टर्मिनल १ आणि २ आतूनच जोडलेले आहेत, पुन्हा सुरक्षा तपासणी नाही. डबा घेऊन जाते. पोळी-भाजी, गूळपोळी तपासणीतून बिनघोर जाते. दही नि लोणचं मात्र द्रवात मोजलं जाऊ शकतं, ते नेऊ नका.

परतीचं गणित निराळं. अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतराल तिथे इमिग्रेशन, तिथेच बॅगा पट्ट्यावरून उचलायच्या, कस्टम्समधून काढून पुन्हा द्यायच्या. ओहेअरला फ्रँकफर्टचं विमान टर्मिनल ५ ला उतरतं. तिथून छोट्या ट्रेनने टर्मिनल १ ला जायचं आणि सुरक्षा तपासणी परत. हे सगळं असूनही संकेतस्थळ दीड-पावणेदोन तासांचा थांबा बिनदिक्कत विकतं. नियमात बसतो म्हणून विकतं. मी तो कधीच घेत नाही, आणि आई बरोबर असेल तर साडेतीन तासांखाली बघतही नाही. व्हीलचेअरचे प्रवासी विमानातून सगळ्यात शेवटी उतरतात आणि ढकलणारा माणूस येईपर्यंत दारात थांबावं लागतं. पुढच्या रांगा झटपट होतात हे खरं, पण सुरुवातीचा वेळ गेलेलाच असतो. व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच नोंदवा आणि दोन दिवस आधी फोन करून ती प्रत्येक टप्प्याला लागली आहे ना, हे विचारा. एका टप्प्याला राहून गेल्याचं मला असंच फोनवर कळलं होतं.

इमिग्रेशनच्या रांगेसाठी ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना मोबाइल पासपोर्ट कंट्रोलचं फुकट ॲप पुरतं. ग्लोबल एन्ट्रीचे (पैसे भरून झटपट रांग मिळवण्याच्या योजनेचे) १२० डॉलर मी अजून भरलेले नाहीत आणि भरावेसे वाटलेले नाहीत. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईला मात्र ते ॲप चालत नाही. तिच्याबरोबर असताना तिच्या रांगेत उभं राहायचं.

टोरांटोबद्दल माझं मत बदललं आहे. बरेच दिवस मी सगळ्यांना टोरांटोच सुचवत होते, कारण अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं आणि कोलंबसला देशांतर्गत प्रवाशासारखं उतरून थेट घरी जाता येतं. ती सोय आजही मला आवडते. पण तिथून कोलंबसला दिवसाला मोजकीच विमानं, म्हणजे माझ्या कसोटीवर ते नापास. आणि भारतीय पासपोर्टवाल्यांनी हे नीट वाचा: माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे म्हणून मला कॅनडाचा व्हिसा लागत नाही. आईला नुसतं विमान बदलायलाही लागतो, अमेरिकेचा व्हिसा असला तरी. एच-१बी वाल्यांनाही लागतो. तिकीट स्वस्त दिसलं म्हणून घाई करू नका.

पैशाबद्दल. मागे विमान असलेलं तिकीट बहुतेक वेळा शंभर-सव्वाशे डॉलरनी महाग पडतं. मी काटकसरी आहे, कूपन कापून भाजी आणणारी आहे, तरी हे पैसे देते. जिथे वाचवता येतं तिथे वाचवते. प्रवासाला निघायला अजून सात दिवस किंवा जास्त असतील तर अमेरिकेत कंपनीकडून थेट काढलेलं तिकीट चोवीस तासांत पैसे न कापता रद्द करता येतं. मी तिकीट काढून ठेवते आणि रात्री शांतपणे प्रत्येक टप्प्यामागे कुठली विमानं आहेत ते बघते. दुसरं असं की तिकीट काढल्यावर कंपन्या वेळापत्रक बदलत राहतात. पहिल्या विमानाची वेळ त्यांनी बदलून थांबा आवळला की लगेच फोन करते आणि आधीच्या विमानावर मोफत हलवायला सांगते. बदल त्यांनी केलेला असल्याने ते हलवतात. स्वस्तातलं संध्याकाळचं तिकीट असं दुपारच्या विमानावर आलं, तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता. याच्या भरवशावर तिकीट काढू नका, पण संधी आली तर सोडूही नका.

दोन वेगळी तिकिटं मात्र नकोत. कोलंबस–शिकागो एक आणि शिकागो–फ्रँकफर्ट दुसरं असं काढलं, तर पहिल्याच्या उशिराची जबाबदारी दुसऱ्यावर नसते आणि मागच्या विमानाचा सगळा उपयोगच संपतो. एकच तिकीट काढून पहिला टप्पा गाडीने करायचा, हेही चालत नाही. पहिल्या विमानात बसला नाहीत की पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात, परतीचे धरून.

फ्रँकफर्टच्या पुढे स्टुटगार्टला विमानापेक्षा रेल्वे बरी. विमानतळाच्या लांब पल्ल्याच्या स्टेशनवरून आयसीई ही जलद गाडी सव्वा तासाच्या आसपास पोचवते. लुफ्थांसाच्या तिकिटातच ही रेल्वे जोडून घेता येते. विमानाला उशीर झाला तर ते पुढच्या गाडीत बसवतात. जर्मन रेल्वेचा वक्तशीरपणा मात्र आपल्या कल्पनेतला नाही. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर धावल्या, आणि तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर वेळेवर धरून. जाताना हे चालतं, कारण मागे गाड्या भरपूर आहेत. परतीला मी विमानाच्या चार तास आधीची गाडी धरते. आता शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत ऑक्टोबर २०२५ पासून आली आहे. पहिल्या नोंदणीला वेळ लागतो, तोही धरा.

मार्चमध्ये किंवा ऑक्टोबरअखेरीस जाणार असाल तर घड्याळाकडे लक्ष असू द्या. अमेरिका आणि युरोप वेगवेगळ्या रविवारी तास बदलतात, त्या मधल्या आठवड्यांत अंतर सहाऐवजी पाच तासांचं असतं आणि मागच्या वेळचे थांबे जसेच्या तसे मिळत नाहीत.

सध्या मनात क्लीव्हलँड–डब्लिन घोळतं आहे. आय-७१ महामार्गाने दोन तास गाडी, आणि परतीला डब्लिनलाच अमेरिकेचं इमिग्रेशन. छोटं विमानच नाही, म्हणजे ते रद्द होण्याचा प्रश्नच नाही. पेट्रोल आणि पार्किंग धरूनही हिशेब बसतो. दोन गोष्टी आडव्या येतात: ते विमान रोज नसतं, आणि परतीला शरीराच्या घड्याळात रात्र झालेली असताना दोन तास गाडी चालवायची, हे नवऱ्याला अजिबात मान्य नाही. न्यायला तो आला तर प्रश्न मिटतो. येत्या मे महिन्यात एकटी जाणार आहे, तेव्हा हाच मार्ग घेईन. डिसेंबरात क्लीव्हलँडला ईरी सरोवराकडचा बर्फ असताना घेणार नाही, आणि आईला घेऊन तर शिकागोच, दुपारचं विमान, मागे किमान दोन.