गावी जाण्याआधी लागणारा लगेजचा डिजिटल काटा, घ्याच

दुबईत राहून वर्षातून एकदा गावी जाणाऱ्या कुणालाही मी हा काटा डोळे झाकून घ्यायला सांगेन. मुठीत मावतो, खाली पट्टा, वर छोटी स्क्रीन, ५० किलोपर्यंत मोजतो आणि पंचवीस-तीस दिरहमला मिळतो. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण असे सारखेच दिसणारे काटे कितीतरी नावांनी विकतात, लुलू सुपरमार्केटात, दुबईच्या करामा भागातल्या छोट्या दुकानांत, ऑनलाइन, कुठेही.

आता एवढ्याशा वस्तूवर एवढं का लिहितोय ते सांगतो. इथल्या कायद्याने वर्षाला ३० दिवस रजा मिळते आणि आम्ही कोकणातले ती गणपती धरूनच टाकतो. रजा मंजूर झाली की त्याच आठवड्यात बॅग बेडखालून बाहेर निघते आणि जायच्या दिवसापर्यंत उघडीच असते, रूमवर सगळ्यांचं असंच आहे. पगार झाला की टँग सरबताचा डबा, निडोची दूध पावडर, पिस्ते, खजूर, दुखण्यावर चोळायचं अॅक्स ऑइल, टायगर बाम, आईला अत्तर. बहीण दरवेळी फोनवर सांगते, अरे दादा आता सगळं चिपळूणला मिळतं, कशाला ओझी उचलतोस. बरोबर आहे तिचं, मिळतं. पण शेजारच्या काकूंच्या हातात बामची बाटली ठेवल्याशिवाय मला गावी पोचल्यासारखंच वाटत नाही, त्याला काय करणार.

आणि घराचं सामान. इथला व्हिसा नोकरीला बांधलेला, नोकरी संपली की ठरलेल्या मुदतीत दुसरी शोधा नाहीतर निघा, त्यामुळे इतकी वर्षं भाडं भरूनही या खोलीला साधा पडदा घ्यावासा मला कधी वाटला नाही. गावच्या घरासाठी मात्र न्हाणीतला पितळी नळ, देवघरातला दिवा, ओटीवरचा बल्ब, सगळं इथून निवडून निवडून नेलंय. रूममधले बाकीचेही तेच करतात. माझं घर कुठलं हे मला कुणी विचारलं तर मी त्याला माझी बॅगच उघडून दाखवेन. आणि पितळी नळ जड असतो हो, म्हणून काटा पाहिजे.

वापरायला सोपा आहे. पट्टा हँडलमधून घालायचा, क्लिप लावायची, स्क्रीनवर शून्य आलं की सावकाश उचलायचं, आकडा स्थिर झाला की पिप वाजतं आणि बॅग खाली ठेवली तरी आकडा तसाच राहतो, हे फार महत्त्वाचं कारण बॅग उचलून धरलेली असताना वाकून स्क्रीन कोण वाचणार. झटक्याने उचललीत तर आकडा चुकतो. मी पाच किलो तांदळाची पिशवी लावून बघितली, बरोबर दाखवली. मोठ्या बॅगेला एअरपोर्टच्या काट्यात आणि यात थोडा फरक पडतो, म्हणून मी ३० किलोच्या तिकिटावर साडेएकोणतीसला थांबतो. सगळं एकाच बॅगेत कोंबू नका, एका नगाला ३२ किलोच्या वर साधारण कुठेच घेत नाहीत, लोडरना ती हाताने उचलायची असते.

पार्सलांसाठी तर हा काटा वरदान आहे. तुम्ही जाताय कळलं की प्रत्येकाचं एक "छोटंसं" असतंच, आणि नाही म्हणवत नाही कारण उद्या आपलंही कुणीतरी नेणार असतं. आता मी समोरच लावतो, दोन किलो तर दोन किलो, बोलणं संपलं. आणि पार्सल उघडून बघितल्याशिवाय घेत नाही, सख्ख्या मित्राचं असलं तरी. त्यात राग मानण्यासारखं काही नाही.

खरा कस लागतो तो परत येताना. आमच्या ओटीवर झोपाळ्याची कडी आहे, झोपाळा काढून तिथे काटा अडकवायचा आणि खाली बॅग, हात थरथरत नाही, आकडा लगेच येतो. बाबा चष्मा लावून वाचतात, "अठ्ठावीस चारशे", की आई आतून कुळथाच्या पिठाची पुडी घेऊन येतेच, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, वर वर्तमानपत्र, वर रबर. अजून सहाशे ग्रॅम बसतील, म्हणते. मग आमसुलं, फणसपोळी, मसाला. खसखस मात्र चुकूनही नाही, युएईत ती बेकायदा आहे, माणसं अडकलीत त्यात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही काढायला लावतात, त्यातल्या तेलामुळे खोबरं आपोआप पेट घेणाऱ्या मालात धरतात. आईला हे दरवर्षी नव्याने समजवावं लागतं, मसाल्यासाठी तिथलं खोबरं बरं नसतं असं तिचं ठाम मत आहे आणि ते खरंच आहे.

तक्रारी दोनच. किलो-पाउंडचं बटण इतकं वर आलंय की धरताना दाबलं जातं आणि ३० किलोची बॅग ६६ दाखवायला लागते, तेव्हा आकड्याशेजारी काय लिहिलंय ते बघा. दुसरं, आतला सेल सीआर २०३२, गोल चपटा, गावात ऐनवेळी मिळेलच असं नाही, एक जास्तीचा जवळ ठेवा.

पाचपैकी साडेचार. घेताना पट्ट्याचाच घ्या, हुकवाला नको, जाड हँडलमध्ये हुक नीट बसत नाही आणि निसटला तर बॅग पायावर.