चार तुकड्यांचा प्रवासी रॉड: आठ महिन्यांनंतर

मासेमारीचा हा रॉड फेब्रुवारीत सेलमध्ये घेतला, आता ऑक्टोबर लागलाय. हेलसिंकीत राहतो, गाडी नाही, त्यामुळे अट एकच होती: रात्रीच्या रेल्वेत बर्थखाली मावला पाहिजे. जोडल्यावर ८ फूट, सुटा केल्यावर साधारण ६५ सेंटीमीटर. उत्तर फिनलंडमधल्या रोवानिएमीपर्यंत रेल्वे, पुढे इनारीपर्यंत सव्वातीनशे किलोमीटर बस, कुठेच त्रास झाला नाही. विमानाच्या केबिन बॅगेत मात्र मावणार नाही.

घेतला तोच मुळी मे अखेरच्या इनारी दौऱ्यासाठी. दौऱ्याचा बेत चुकला तो माझा, रॉडचा त्यात दोष नाही. मे संपत आला म्हणजे तळं मोकळं झालं असणार, असा आपला हिशेब. इनारी तळं हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं, त्यावरचा बर्फ बऱ्याचदा जून लागल्याशिवाय हलत नाही. आम्ही पोचलो तेव्हा तो करडा पडून भुसभुशीत झालेला. वर पाय ठेवायची सोय नाही, होडी घालायची सोय नाही. फिनिशमध्ये या दिवसांना शब्दच आहे, केलिरिक्को. भाड्याची होडी चारही दिवस किनाऱ्यावर पालथी.

उरलं वाहतं पाणी. नद्यांची मुखं आणि खळाळ आधी मोकळे होतात, म्हणून मुक्काम नदीकाठी हलवला. परवान्यांचं घरूनच उरकून घ्या. रीळ लावून गरवायचं तर १८ ते ६९ वयाच्या प्रत्येकाला सरकारी मत्स्यशुल्क, आणि उत्तरेकडच्या सरकारी पाण्यांसाठी वर वेगळा परवाना. (बिनरिळाची काठी आणि गांडूळ एवढंच असेल तर बहुतेक तळ्यांवर कोणी काही मागत नाही. आमचे आजोबा बांबू घेऊन इथे फुकटात बसले असते.)

आता रॉड. त्यावर आमिषाचं वजन १० ते ३० ग्रॅम लिहिलंय, पण खरा रंगतो १५ ते २० ग्रॅमच्या चमच्यावर (चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष). त्याहून हलकं आमिष टाकलं की जवळच पडतं. गार पाण्यात मासा सुस्त असतो, रीळ अगदी सावकाश फिरवावं लागतं, आणि तेव्हा टोकाला आलेली बारीकशी टुकटुकही हाताला कळते. हे मला फार आवडलं. दोन ग्रेलिंग आणि उथळ खाडीतला एक दांडगा पाइक, सगळे यानेच काढले. सूर्य मावळतच नाही, त्यामुळे रात्री साडेअकरालाही आपण 'अजून एकदा' म्हणत उभे. पहाटे पारा शून्याखाली गेला की दोरीतलं पाणी रॉडवरच्या, दोरी ओवायच्या कड्यांत गोठतं. वरची दोन कडी बारीक असल्याने सारखी बोटाने मोकळी करावी लागायची.

खरी तक्रार जोडांची. दुसऱ्या रात्री जोरात फेकलं आणि वरचा तुकडा सुटून दोरीवरून सरसरत थेट आमिषापर्यंत गेला! काठाला टेकलेल्या बर्फाच्या लादीवर जाऊन आपटला. हातात सहा फुटांची काठी घेऊन मी हळूहळू रीळ गुंडाळत तो ओढत आणला. टोक वाचलं, पण सगळ्यात वरच्या कड्यातली चिनीमातीची चकती निखळली. दुकानाला लिहिलं, तर 'वरचा तुकडा सुटा मिळत नाही, नवीन रॉड घ्या.' म्हणजे वॉरंटी कशाची होती देव जाणे.

उपाय शेजारच्या केबिनमधल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी दाखवला. जोडात आत जाणाऱ्या टोकावर मेणबत्ती घासायची, तुकडा किंचित तिरका घालून पिळत सरळ करायचा, आणि दर पाच-दहा फेकींनंतर बोटाने चाचपायचं. उन्हाळाभर हे केलं, परत एकदाही सुटला नाही. कडं मीच एपॉक्सी लावून बदललं, ओबडधोबड दिसतं पण टिकलंय.

कॉर्कच्या मुठीला पाइकचा वास बसलाय, तो साबणानेही जात नाही. त्यामुळे रॉड ठेवायची नळी बाल्कनीत. पुढच्या वेळी जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतरच जाणार. तोवर डास सुरू होतील, पण होडी तरी पाण्यात असेल.