प्रोटीन झटपट मोजायचंय: फायबर सेन्सर घ्यावा की एलायझाच बरी?

यंत्राचं माहितीपत्रक उघडण्याआधी आपला नमुना काय आहे ते पाहावं. पेशी वाढवलेल्या माध्यमात अँटीबॉडी मिलिलिटरला मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रमाणात असते. हृदयाला इजा झाल्यावर रक्तात वाढणारं ट्रोपोनिन मात्र पिकोग्रॅमपासून मोजावं लागतं. ही दोन्ही कामं एकाच यंत्रावर ढकलू पाहणारा फसतो.

दुसऱ्या कामासाठी एलायझा, म्हणजे अँटीबॉडीने प्रोटीन पकडून एन्झाइमच्या रंगावरून मोजणारी चाचणी, अजून हटलेली नाही. १९७१ मध्ये स्टॉकहोमला एंगवॉल आणि पर्लमन यांनी ती मांडली. ९६ खणांची प्लेट, धुण्याच्या फेऱ्या, शेवटी एन्झाइमचा रंग. हा एन्झाइमच संकेत वाढवतो, म्हणून अगदी कमी प्रोटीनही दिसतं. किंमत मोजायची ती वेळेत: तीन-चार तास सहज जातात.

पहिल्या कामाला मी डोळे झाकून बायोलेयर इंटरफेरोमेट्री सुचवीन; प्रयोगशाळांत तिला ‘ऑक्टेट’ याच नावाने ओळखतात. प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या बारीक तंतूची, म्हणजे फायबरची, टिप थेट नमुन्यात बुडते. टिपेच्या टोकावरच्या दोन पृष्ठभागांवरून परतणाऱ्या प्रकाशाचं व्यतिकरण (इंटरफेरन्स) होतं. प्रोटीन चिकटून थर जाड झाला की ते व्यतिकरण नॅनोमीटरमध्ये सरकतं. प्रोटीनला रंगाचं वा एन्झाइमचं लेबल जोडायला नको, धुणं जवळपास नाही, काही मिनिटांत आकडा हातात. नळ्या नसल्याने गढूळ नमुन्यानेही काही तुंबत नाही. अँटीबॉडी पकडणारं प्रोटीन-ए लावलेल्या टिपा आम्लधर्मी ग्लायसिनने धुऊन पुन्हा वापरता येतात.

मात्र टिपेशी जुळलेला प्रोटीनचा बंध किती घट्ट आणि किती सावकाश सुटतो हे तासन्‌तास पाहायचं असेल, तर उघड्या खणातलं पाणी उडतं आणि आलेख घसरतो. तिथे १९९० मध्ये स्वीडनमधून आलेली बायाकोरची एसपीआर (सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्स) पद्धत सरस. सोन्याचा पातळ थर दिलेली चिप, तिच्यावरून अखंड वाहणारा द्रव. लहान रेणूही तिला दिसतात. पण नमुना स्वच्छ हवा, आणि यंत्र सांभाळायला हात बसलेला माणूस हवा.

चौथा पर्याय विकत घेण्यापेक्षा बांधण्याचा आहे. आयआयटी मुंबईत सौम्यो मुखर्जी यांच्या गटाने २००९ मध्ये यू आकारात वाकवलेल्या फायबरचा सेन्सर प्रसिद्ध केला. सरळ फायबरमध्ये प्रकाश गाभ्यातच राहतो. आवरण काढून बारीक वळण दिलं की त्याचा बराच भाग पृष्ठभागाशी येऊन बाहेरच्या थराशी बोलू लागतो. वळणावर सोन्याचे नॅनोकण बसवले, की एक हिरवा एलईडी आणि एक फोटोडिटेक्टर एवढ्यावर काम भागतं. विद्यार्थी हाताशी असलेल्या विभागाला हे परवडतं. अडचण वळणाचीच: हाताने वाकवलेली प्रत्येक टिप वेगळी निघते, म्हणून प्रत्येकीचं कॅलिब्रेशन वेगळं.

ग्रेटिंगवाले, म्हणजे गाभ्यात बारीक रेषा कोरून ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परतवणारे फायबर माझ्या मते रोजच्या कामाचे नाहीत. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास तापमान एका अंशाने बदललं तरी संकेत सुमारे १० पिकोमीटर सरकतो, आणि कमी प्रोटीनचा संकेतही त्यातच हरवू शकतो. तिरप्या ग्रेटिंगमध्ये गाभ्यातल्या प्रकाशावरून तापमानाची दुरुस्ती करता येते, पण वाचणारं यंत्र महाग पडतं.

ऑक्टेटकडे कल असेल तर डेमोला विक्रेत्याचं स्वच्छ बफर घेऊ नका, आपला फेसाळ, गढूळ नमुना न्या. शिवाय यंत्राच्या कोटेशनबरोबरच वर्षभराच्या टिपांचंही मागवा; बजेट फुगतं ते तिथे.