घरी प्रवासी उतरवून घेताना: चार सेवांबद्दल ठाण्याहून अभिप्राय

पाचपाखाडीतल्या आमच्या दोन बेडरूमच्या घरात आम्ही काही वर्षांपासून प्रवाशांना विनामूल्य उतरवून घेत आलो आहोत. त्यासाठी काउचसर्फिंग, बीवेलकम, सर्वास आणि वॉर्मशॉवर्स या, प्रवासी आणि यजमान यांची गाठ घालून देणाऱ्या, चारही सेवांवर आमची नोंद आहे. हा अभिप्राय मी पाहुणा म्हणून नव्हे, तर यजमान म्हणून लिहीत आहे. घरात वयस्कर आई आणि शाळकरी मुलगी असताना, येणाऱ्या माणसाची पुरेशी ओळख तो दारात उभा राहण्यापूर्वीच कोणती सेवा करून देते, याला मी सर्वाधिक महत्त्व देतो. सदस्यसंख्या आणि अॅपचा देखणेपणा या गोष्टी माझ्या दृष्टीने दुय्यम आहेत.

सर्वांत परिचित नाव काउचसर्फिंगचे. २००४ साली सुरू झालेली ही सेवा २०११ मध्ये नफ्यासाठी चालणारी कंपनी झाली आणि मे २०२० मध्ये तिने अनेक देशांतल्या सदस्यांना वर्गणी लागू केली. स्वेच्छेने उभी राहिलेली चळवळ आपल्या हातून गेली, असे अनेक जुन्या सदस्यांना तेव्हा वाटले आणि त्यांची ती भावना मला रास्त वाटते. तरीही तिथल्या अभिप्रायांची रचना चांगली आहे: पाहुणा आणि यजमान यांनी एकमेकांबद्दल लिहिलेला मजकूर लगेच उघड होत नसल्याने, समोरचा काय लिहील या भीडेपोटी कोणाला गोडगोड लिहावे लागत नाही. हे अभिप्राय वाचताना मी त्यांची संख्या पाहत नाही; कुटुंबांनी आणि एकट्या राहणाऱ्या स्त्रियांनी काय लिहिले आहे ते आधी शोधतो, कारण पाहुणा घरात कसा वावरतो हे त्यातूनच कळते.

बीवेलकम ही २००७ पासून चाललेली सेवा आहे. फ्रान्समध्ये नोंदलेली एक संस्था ती स्वयंसेवकांच्या बळावर चालवते, सदस्यत्वाला पैसे पडत नाहीत आणि संकेतस्थळाचा सॉफ्टवेअर कोडही सर्वांसाठी खुला आहे. आमच्याकडे तिथून विनंत्या फार कमी येतात; मात्र ज्या येतात त्या आमची माहिती नीट वाचून लिहिलेल्या असतात. एका प्रवासिनीने पहिल्याच पत्रात विचारले होते, की आपल्याकडे स्वयंपाक शाकाहारी असतो असे वाचले, तर बाहेरून अंडी आणून खाल्लेली चालतील का, आणि आईंची झोपायची वेळ कोणती. असे पत्र आल्यावर होकार देताना घरात कोणाशी फार चर्चा करावी लागली नाही. याउलट दहा जणांना एकाच वेळी पाठवलेला, आमचे नावही नसलेला आणि 'मुंबईत दोन रात्री जागा हवी' एवढाच मजकूर असलेला संदेश कोणत्याही सेवेवरून आला, तरी मी त्याला नम्रपणे नकार कळवतो.

माझ्या मते सर्वासचे स्थान या सगळ्यांत वेगळे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, बॉब लुइटवायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये ही चळवळ सुरू केली. सामान्य माणसे एकमेकांच्या घरी राहिली, एका ताटाभोवती बसली, तर देशादेशांतला संशय कमी होईल, हा त्यामागचा विचार होता. प्रवाशाला आधी त्याच्या देशातले स्वयंसेवक समोरासमोर भेटतात, त्याची मुलाखत घेतात आणि मगच त्याला परिचयपत्र मिळते. यजमानालाही अशाच ओळखीतून जावे लागते. आमच्याकडे आलेल्या स्वयंसेविकेने चहा घेता घेता घरातल्या प्रत्येकाशी, अगदी मुलीशीसुद्धा, स्वतंत्रपणे बोलून तिची या गोष्टीला हरकत नाही ना, हे विचारून घेतले होते. मुक्काम साधारणपणे दोन रात्रींचा असतो, आणि त्यामुळे घराची घडी विस्कटत नाही. ही पद्धत संथ आहे, आज ठरवून उद्या येणाऱ्या प्रवाशाला ती जमणार नाही. पण तिचा संथपणाच आम्हाला सर्वांत उपयोगी पडला आहे.

वॉर्मशॉवर्स ही केवळ सायकलवरून लांबचा प्रवास करणाऱ्यांसाठी आहे. कोकणच्या वाटेला लागण्यापूर्वी असे प्रवासी आमच्याकडे अंघोळ, कपडे धुणे आणि गाढ झोप यांसाठी येतात. त्यांच्याबाबत मला कधीही अडचण आली नाही, मात्र सामानाने लादलेली सायकल लिफ्टमध्ये मावते का आणि रात्री ती कुठे ठेवायची, हे आधी पाहून ठेवावे.

आता यांपैकी कोणतीही सेवा आपल्या वतीने करत नाही अशा कामाबद्दल सांगतो. परदेशी नागरिक घरी मुक्कामाला आला, की त्याची माहिती २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवणे यजमानावर बंधनकारक आहे आणि ते हॉटेलांइतकेच खासगी घरांनाही लागू आहे. लोक त्याला सवयीने 'सी फॉर्म' म्हणतात. पासपोर्ट आणि व्हिसाचे तपशील, छायाचित्र, पाहुणा कुठून आला आणि पुढे कुठे जाणार, हे सारे त्यात भरावे लागते. म्हणून होकार कळवतानाच मी पाहुण्याला ही कागदपत्रे आल्या आल्या दाखवावी लागतील असे स्पष्ट लिहितो. जो यावर कुरकुर करतो त्याला उतरवून घेऊ नये. सोसायटीच्या सचिवांनाही आम्ही आदल्या दिवशी कळवतो, त्यामुळे प्रवेशद्वारावर वॉचमन पाहुण्याला ताटकळत ठेवत नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी घरमालकांची परवानगी आधी घ्यावी.

घरातल्या गोष्टी मी एका कागदावर लिहून पाहुण्याच्या खोलीत ठेवतो: चपला दाराबाहेर, गीझरचे बटण कोणते, पाणी कोणत्या वेळी येते, बादली आणि तांब्या कशासाठी. सकाळी मुंबईला जाणाऱ्याला लांबून येणाऱ्या गर्दीच्या फास्ट लोकलऐवजी ठाण्याहूनच सुटणारी स्लो लोकल धरायला सांगतो, म्हणजे पाठीवरच्या पिशवीसह बसायला जागा मिळते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी रेल्वे याच ठाण्याला आली होती, हे ऐकल्यावर पाहुणे स्टेशनकडे वेगळ्या नजरेने पाहतात. ज्यांना गर्दी नको असते त्यांना मी ऐरोलीच्या खाडीवर रोहित पक्षी पाहायला पाठवतो. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आहे आणि हिवाळ्यात तिथे गेलेला पाहुणा निराश होऊन परतल्याचे मला आठवत नाही.

तरुण आणि एकटे राहणारे यजमान काउचसर्फिंग किंवा बीवेलकमवर समाधानी राहतील. एकत्र कुटुंबाला मात्र मी सर्वासचेच नाव सुचवीन. ज्यांच्या वन रूम किचनमध्ये रात्री कोणाला झोपवणे शक्य नाही, त्यांनाही तिथे केवळ दिवसाचे यजमान म्हणून नाव नोंदवता येते. पाहुण्याला मासुंदा तलावाभोवती फिरवून आणावे, दुपारी घरी वरणभात जेवू घालावा आणि संध्याकाळच्या गाडीला बसवून द्यावे, एवढेही तिथे पुरेसे मानले जाते.