थिन की स्लिम?

मराठीत माणसाला 'बारीक' म्हटलं की भागतं, इंग्रजीत गाडी इथे अडते.

माणसाबद्दल 'यू लुक स्लिम' ही दाद. 'यू लुक थिन' म्हटलंत तर समोरच्याला वाटेल, आजारी दिसतोय की काय! 'स्किनी' म्हणजे थेट हाडकुळा, जीन्सपुरतंच ठेवा.

वस्तूंत थिनची सद्दी: पातळ आमटी, विरळ केस, पलीकडचं बोलणं ऐकू येणारी भिंत. स्लिम आमटी नसते. फोन, पुस्तक मात्र स्लिम चालतं.

निसटतं बहुमत, अंधूक शक्यता यांना स्लिम बरं. बारीक रव्याला दोन्ही नकोत, तिथे फाइन.

डॉक्टरांना वजन घटल्याचं सांगताना थिन, मैत्रिणीच्या कौतुकाला स्लिम.