माटवीखालची बटणावरची लाइटिंग: चवथीपासून शिमग्यापर्यंतचा अनुभव

वेंगुर्ल्याला आमचं घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. गेल्या चवथीला माटवीखाली, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतो त्या फळाफुलांच्या चौकटीखाली, लावायला बारा एलईडींची लाइटिंग मी घरीच केली. आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा कंट्रोलर बोर्ड), प्रत्येक एलईडीला २२० ओहमचा रेझिस्टर आणि एक पुश बटण. बटण दाबलं की पॅटर्न बदलतो. नॅनोवर पीडब्ल्यूएमच्या, म्हणजे उजेड कमी-जास्त करता येणाऱ्या, सहाच पिना, त्यामुळे मंद-तेज होणारा पॅटर्न सहा एलईडींवरच ठेवला. हीच लाइटिंग पुढे दिवाळीच्या कंदिलात गेली, तुळशीच्या लग्नात वृंदावनाभोवती लागली आणि आता शिमग्यापर्यंत टिकली आहे.

पहिल्याच संध्याकाळी आजीने बटण दाबलं आणि मला हाक मारली, "मी एकदाच दाबलंय रे, मगे दोनदा कसा बदालला?" दाबताना आतले पत्रे काही मिलिसेकंद थरथरतात आणि कंट्रोलर ती प्रत्येक थरथर मोजतो. ३० मिलिसेकंद सिग्नल स्थिर राहिला तरच दाबलं असं धरायचं, एवढ्यानं ते थांबलं. धावत्या पॅटर्नमध्ये मात्र बटण दाबलेलं कळतच नव्हतं, कारण सगळा प्रोग्रॅम मी डिले टाकून लिहिला होता, आणि डिले चालू असताना कंट्रोलर नुसता थांबून राहतो. न थांबता वेळ बघत राहणाऱ्या मिलिसवर सगळं पुन्हा लिहिलं, मगच बटण लगेच ऐकू लागलं. नवीन करणाऱ्यांनी सुरुवातच मिलिसने करावी.

खरा त्रास दिवाळीनंतर झाला. बटण जोरात दाबलं तरच चालायचं, कधी तेही नाही. खोलून पाहिलं तर पायांवर हिरवट थर आणि आतले पत्रे काळे पडलेले. मी चिपमधलाच पुल-अप (बटण सुटलेलं असताना पिन पाच व्होल्टला धरून ठेवणारा रेझिस्टर) वापरत होतो. तो २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे बटणातून पाव मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट जातच नाही. खाऱ्या हवेने चढलेला थर एवढ्याशा करंटला जुमानत नाही. रबरी टोपीचं सीलबंद बटण घेतलं आणि बाहेरून २.२ किलोओहमचा रेझिस्टर पाच व्होल्टला जोडला, म्हणजे करंट सव्वादोन मिलिअँपिअर झाला. दुसरा फायदाही झाला. बटणाची वायर तीन मीटर लांब दारापर्यंत नेलेली होती, आणि मिक्सर लावला की पॅटर्न आपोआप बदलायचा. रेझिस्टरसोबत नॅनोजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्यापासून तेही बंद आहे.

ब्रेडबोर्ड, म्हणजे वायरी नुसत्या खोचायचा बोर्ड, इकडे वापरूच नका. माझ्या जंपर वायरी दोन महिन्यांत सैल आणि हिरव्या झाल्या. आता सगळं झिरो पीसीबीवर (भोकांच्या कोऱ्या बोर्डवर) सोल्डर केलंय आणि मागून नेलपॉलिशचा हात मारलाय.

लाइट जाते-येते, म्हणून पॅटर्नचा नंबर ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या नॅनोतल्या मेमरीत, ठेवतो. तिथे एका जागी एक लाख वेळा लिहिता येतं, आणि मी बटण दाबल्यावरच लिहितो, तेव्हा ती काळजी नाही. वीज आली की आजीने लावलेला हळूहळू उजळणारा पॅटर्न स्वतःहून सुरू होतो. तो तिने चवथीपासून बदलू दिलेला नाही.