यूएसबी-लॅन अडॅप्टर, लिनक्सवर आठ महिने: तक्रार एकच, दिव्याची

मागच्या महिन्यात एका रात्री बॅकअप लावला आणि वेग सेकंदाला 11 एमबीच्या (मेगाबाइटच्या) पुढे सरकेना. एरवी 110 च्या आसपास मिळतो. 11 म्हटलं की लगेच कळतं, 100 एमबीपीएसची (सेकंदाला 100 मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट) लाइन तुडुंब भरली की एवढंच हाती लागतं. म्हणजे गिगाबिटची, 1000 एमबीपीएसची जोडणी 100 वर घसरली होती. अडॅप्टरचा हिरवा दिवा मात्र नेहमीसारखाच लुकलुकत होता.

या दिव्याचा मला मनापासून राग आहे. वेग 100 असो की 1000, रंग तोच. कितीतरी लॅन पोर्टांवर दोन दिवे असतात आणि त्यातल्या एकाचा रंग वेगाप्रमाणे बदलतो. इथे तेवढंही केलेलं नाही. त्यामुळे किती दिवस मी 100 वर चालत होतो, हे आजही सांगता येणार नाही.

बाकी वस्तू चांगली आहे. आत आरटीएल8153 चिप, तिचा आर8152 ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्येच असतो, त्यामुळे लावला की चालू. सुरुवातीला लाइन मधूनमधून तुटायची. लॅपटॉपची वीज वाचवायला मी टीएलपी (TLP) हा प्रोग्राम टाकलाय, तोच यूएसबीला झोपवत होता. अडॅप्टरचा आयडी त्यातून वगळला, तेव्हापासून एकदाही तुटली नाही.

तर, 100 चं कोडं. आधी यूएसबी उपकरणं आणि त्यांचा वेग दाखवणारी 'एलएसयूएसबी -टी' (lsusb -t) ही कमांड पाहिली: 5000एम, म्हणजे यूएसबी 3 चाच पोर्ट. 480एम, म्हणजे यूएसबी 2 दिसलं असतं तर वेग कमी झाला असता, पण 11 इतका खाली नाही. मग लॅन जोडणीची माहिती देणारं इथटूल (ethtool): स्पीड 100, डुप्लेक्स फुल (दोन्ही दिशांनी एकाच वेळी), लिंक डिटेक्टेड येस. अशा वेळी ऑटोनेगोशिएशन (दोन्ही टोकांनी आपसात वेग ठरवणं) बंद करून 1000 ची सक्ती करू नका, तांब्याच्या तारेवर गिगाबिटला ऑटोनेगोशिएशन लागतंच.

कंपनीच्या सेवा केंद्राला लिहिलं. उत्तर आलं, 'विंडोजवर तपासा, लिनक्सला सपोर्ट नाही.' खोक्यावर लिनक्स असं स्वच्छ छापलेलं आहे. फोटो पाठवला, तरी पुन्हा तेच उत्तर. त्याच रात्री दोन स्टार देऊन मोकळा झालो.

अपडेट: ते दोन स्टार मागे घेतो. दोष अडॅप्टरचा नव्हता. दुसरी केबल लावली आणि इथटूलने लगेच 1000 दाखवलं. जुन्या केबलचा प्लग उजेडात धरून पाहिला: आठपैकी सात तारा पिनेखाली नीट बसलेल्या, आठवी तपकिरी मात्र दोनेक मिलिमीटर मागे सरकलेली. टेबल हलवताना केबल ओढली गेली होती, तेव्हाचंच ते. 100 ला 1, 2, 3 आणि 6 या चारच पिना पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. म्हणून लाइन चालत होती, पण मंद.

केबल टाकून दिली नाही. तिच्यावर कॅट 5ई छापलंय, तार धडधाकट आहे, मग नवी का घ्यायची? टोक कापून नवा प्लग क्रिम्प केला, म्हणजे पकडीने दाबून बसवला. आता पुन्हा 940 एमबीपीएस मिळतात, नेटवर्कचा वेग मोजणाऱ्या आयपर्फवर (iperf) तीनदा मोजले.

आता चार स्टार. पाचवा दिव्यापायी कापलाय. दोन रंगांचा दिवा असता तर सेवा केंद्राशी भांडण्याची वेळच आली नसती, नजर टाकली असती आणि केबल बदलली असती. तोवर लॉगिन झाल्यावर इथटूलचा वेग टर्मिनलमध्ये दाखवणारी एक ओळ मी लिहून ठेवली आहे.